जीपीएस बोर्ड किती वीज खातो? मोजायचं कसं आणि फसायला होतं कुठे

जीपीएस रिसीव्हरचा करंट मोजणं म्हणजे प्लसच्या तारेत मीटर घालायचा आणि आकडा वाचायचा, इतकंच वाटतं. आकडा येतोही. पण तोच बोर्ड सकाळी ५५ मिलिअँपिअर दाखवतो, दुपारी ४० आणि टेबलावर घरात ठेवला की पुन्हा ५० च्या वर जातो. यात मीटर बिघडलेला नसतो. रिसीव्हर त्या क्षणी काय करत होता, हे लिहून ठेवलेलं नसतं. उपग्रह शोधणारा, पकडलेले उपग्रह सांभाळणारा आणि झोपलेला असे तीन वेगळे ग्राहक त्या एकाच पाटीवर राहतात. त्यांची बिलं वेगळी काढायला शिकलात की काम झालं.

उदाहरणासाठी यू-ब्लॉक्स कंपनीच्या निओ-६एम या जीपीएस मॉड्यूलचा स्वस्त निळा बोर्ड घेतला आहे. जीवाय-निओ६एमव्ही२ या नावाने तो सगळीकडे मिळतो. मॉड्यूल जुनं आहे, पण शिकायला उत्तम. नवी एम८, एम१० मॉड्यूल किंवा इतर कंपन्यांचे बोर्ड मोजतानाही पायऱ्या याच, आज्ञा आणि आकडे तेवढे वेगळे.

तुलनेसाठी उत्पादकाच्या माहितीपत्रकातले आकडे जवळ ठेवा. निओ-६एम ३ व्होल्टवर उपग्रह शोधताना सरासरी ४७ मिलिअँपिअर घेतं, माग ठेवताना ३९, वीजबचतीत सेकंदाला एक स्थान देताना ११, आणि मुख्य वीज बंद असताना बॅकअपच्या पिनवर २२ मायक्रोअँपिअर. कमाल मर्यादा ६७ मिलिअँपिअर. हे सगळं फक्त मॉड्यूलचं आहे, बोर्डाचं नाही. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ या एका वाक्यात सुटतो.

लागणारं साहित्य

- निओ-६एम बोर्ड, अँटेनासह
- स्थिर ३.३ किंवा ५ व्होल्टचा पुरवठा. पॉवर बँक नको. भार थोडा आहे असं दिसलं की बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद होतात, आणि जीपीएस बोर्ड त्यांच्या लेखी थोडाच भार असतो.
- आयएनए२१९ या करंट मोजणाऱ्या चिपचा छोटा बोर्ड आणि तो वाचायला आर्डुइनो
- १ ओम, १ टक्का, अर्धा वॉटचा रेझिस्टर
- तपासणीसाठी १०० ओम आणि १०० किलोओमचे १ टक्क्याचे रेझिस्टर, १ किलोओमचे दोन साधे
- मल्टिमीटर, ज्याची रेंज हाताने निवडता येते असा
- एक साधा टॉगल स्विच
- ३.३ व्होल्टवर चालणारा यूएसबी-सीरियल अडॅप्टर आणि लॅपटॉपवर यू-सेंटर (रिसीव्हरशी बोलायचा यू-ब्लॉक्सचाच प्रोग्राम)
- सोल्डरिंग आयर्न

१ टक्क्याचे रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळतात. मागताना 'मेटल फिल्म' असं स्पष्ट सांगा, नाहीतर ५ टक्क्यांचे कार्बनचे हातात पडतात आणि सगळी मोजणी तेवढीच ढिली होते.

१. आधी ठरवा, बोर्ड मोजायचा की मॉड्यूल

निळ्या बोर्डावर मॉड्यूलसोबत व्होल्टेज रेग्युलेटर, बॅकअपचा बटणसेल, छोटी मेमरी चिप आणि एलईडी असतो. तुमच्या यंत्रात हाच बोर्ड जसाच्या तसा बसणार असेल तर बोर्ड मोजा. पुढे स्वतःची सर्किट पाटी बनवून नुसतं मॉड्यूल बसवणार असाल तर मॉड्यूल मोजा. दोन्हींची सरमिसळ करू नका.

फरक किती पडतो? रेग्युलेटर लिनिअर प्रकारचा आहे. तो आत आलेला करंट जवळपास तेवढाच बाहेर सोडतो आणि जास्तीच्या व्होल्टेजची उष्णता करतो. म्हणजे बोर्ड ५ व्होल्टवर ४५ मिलिअँपिअर घेत असेल तर खर्च २२५ मिलिवॉट, पण मॉड्यूलच्या वाट्याला ३.३ व्होल्टवर १४८.५ मिलिवॉटच येतात. उरलेले ७६.५ मिलिवॉट रेग्युलेटर तापवण्यात गेले. म्हणून 'बोर्ड ४५ मिलिअँपिअर घेतो' हे विधान अर्धवट आहे. किती व्होल्टवर आणि कुठल्या टोकाला मोजलं, हे त्याच ओळीत हवं.

जागेपणी रेग्युलेटरचा स्वतःचा करंट नगण्य वाटतो. झोपेत तोच राजा होतो. मॉड्यूल २०-२५ मायक्रोअँपिअरवर आलेलं असताना अशा बोर्डांवरचे जुन्या धाटणीचे रेग्युलेटर एकट्याने त्याच्या कितीतरी पट खाऊ शकतात. बोर्डाच्या व्हीसीसी पिनवर, म्हणजे वीज आत येते तिथे, मोजून 'माहितीपत्रक खोटं आहे' अशी तक्रार करणारे इथेच अडकलेले असतात.

मॉड्यूल एकटं मोजायचं असेल तर रेग्युलेटर काढून टाका आणि त्याच्या आउटपुटच्या पॅडवर थेट ३.३ व्होल्ट द्या. योग्य पॅड कोणता, हे कंटिन्यूइटी लावून ठरवा: निओ-६एम ची २३ नंबरची पिन व्हीसीसी आहे, तिच्याशी जो पॅड बोलतो तोच. रेग्युलेटर जागेवर ठेवून आउटपुटकडून वीज घुसवू नका. ती उलटी आत शिरून तुमच्या मोजणीत मिसळते. व्होल्टेज २.७ ते ३.६ च्या मर्यादेत ठेवा. रेग्युलेटर काढलेल्या बोर्डाला चुकून ५ व्होल्ट दिले की मॉड्यूल गेलं म्हणून समजा. अशा बोर्डावर लाल मार्करने खूण करून ठेवा.

२. मीटर निवडताना त्याचा स्वतःचा अडथळा बघा

अँपिअर मोजणारं कुठलंही साधन आत एक छोटा रेझिस्टर ठेवून त्यावर पडणारं व्होल्टेज वाचतं. यालाच शंट म्हणतात. पिवळ्या स्वस्त मल्टिमीटरमध्ये २०० मिलिअँपिअरच्या रेंजला हा शंट १ ओमच्या आसपास असतो, २० मिलिअँपिअरला १० ओम, २ मिलिअँपिअरला १०० ओम आणि २०० मायक्रोअँपिअरला चक्क १ किलोओम. त्यात फ्यूजचा आणि प्रोबच्या तारांचा रोध वेगळा.

झोपेत नसलेला रिसीव्हर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर मोजलात तर ५०-६० मिलिव्होल्ट पडतात, ते चालतं. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मात्र मॉड्यूल सुरूच होणार नाही. ४५ मिलिअँपिअर ओढायला गेलं की १ किलोओमवर सगळं व्होल्टेज संपतं, मॉड्यूल रीसेट होतं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा रीसेट. मीटरवर काहीतरी नाचणारा आकडा दिसतो आणि तो वहीत उतरवला जातो.

आपोआप रेंज बदलणारा मीटर आणखी त्रासदायक. रेंज बदलताना तो क्षणभर वाट तोडू शकतो, तेवढ्यात रिसीव्हर बंद पडतो आणि सगळं पहिल्यापासून. मीटर आकडाही सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे रिसीव्हरच्या आतली चढउतार त्यावर दिसत नाही.

मग वापरायचं काय? मल्टिमीटर फक्त झोपेच्या मोजणीसाठी आणि खातरजमेसाठी ठेवा. जागेपणीच्या मोजणीला आयएनए२१९ पुरतो आणि खिशाला परवडतो. सतत हेच काम असेल तर नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट २ घ्या. ते २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत सेकंदाला १ लाख नमुने घेतं, ०.८ ते ५ व्होल्टचा पुरवठाही स्वतःच देतं आणि आलेखावर पट्टा निवडला की सरासरी काढून देतं. ते हाताशी असेल तर पुढचा तिसरा टप्पा आणि आठव्यातला स्विच सोडून द्या. बाकीचं तुम्हालाही लागणारच. यूएसबीत खोचायचे छोटे व्होल्ट-अँपिअर मीटर या कामाला नकोत. १० मिलिअँपिअरच्या पायरीने चालणारं यंत्र ११ आणि १९ यांत फरक करू शकत नाही.

३. आयएनए२१९ चा शंट बदला आणि जोडणी करा

या बोर्डावर 'आर१००' असं लिहिलेला ०.१ ओमचा शंट असतो. तो ३.२ अँपिअरपर्यंत मोजण्यासाठी आहे, आपल्याला ७० मिलिअँपिअरही लागत नाहीत. चिप शंटवरचं व्होल्टेज १० मायक्रोव्होल्टच्या पायरीने वाचते, म्हणजे ०.१ ओमवर एक पायरी ०.१ मिलिअँपिअर. इथवर ठीक. पण चिपच्या शून्यातच १०० मायक्रोव्होल्टपर्यंत चूक असू शकते. ०.१ ओमवर ती सरळ १ मिलिअँपिअर होते, वीजबचतीतल्या ११ मिलिअँपिअरवर ९ टक्के.

म्हणून तो शंट काढून तिथे १ ओम लावा. पायरी १० मायक्रोअँपिअरची होते, शून्याची चूक ०.१ मिलिअँपिअरवर येते आणि ६७ मिलिअँपिअरलाही फक्त ६७ मिलिव्होल्ट पडतात.

शंट बदलल्यावर आर्डुइनोवरच्या अ‍ॅडाफ्रुटच्या आयएनए२१९ लायब्ररीचा (चिप वाचणाऱ्या तयार प्रोग्रामचा) करंटचा आकडा वापरू नका, कारण तिला अजून ०.१ ओमच माहीत आहे. शंटचं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मागा. १ ओमवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर, गणित करायलाच नको. इथे एक छुपा खड्डा आहे. लायब्ररीतली '१६ व्होल्ट, ४०० मिलिअँपिअर' ही सेटिंग ४० मिलिव्होल्टवर थांबते. १ ओमचा शंट आणि ही सेटिंग एकत्र आली की आलेख ४० मिलिअँपिअरवर सपाट होतो आणि रिसीव्हर भलताच शिस्तीचा वाटायला लागतो. ३२० मिलिव्होल्टपर्यंत जाणारी '३२ व्होल्ट, २ अँपिअर' ही सेटिंग ठेवा.

जोडणी अशी: पुरवठ्याचा प्लस व्हीआयएन प्लसला, व्हीआयएन मायनसमधून तार जीपीएस बोर्डाच्या व्हीसीसीला, आणि पुरवठा, आर्डुइनो, जीपीएस या सगळ्यांचे ग्राउंड एकत्र. आर्डुइनो उनोवर एसडीए म्हणजे ए४, एससीएल म्हणजे ए५. चिप व्होल्टेज व्हीआयएन मायनसपाशी वाचते, म्हणजे भाराला खरोखर मिळालेलं. काही नमुना प्रोग्राम त्यात शंटचं व्होल्टेज मिळवून त्याला 'लोड व्होल्टेज' म्हणतात. ते पुरवठ्याकडचं व्होल्टेज झालं. वॅट काढताना ते घेऊ नका.

शंट नेहमी प्लसच्या तारेत. ग्राउंडच्या तारेत ठेवायचा मोह होतो, कारण ऑसिलोस्कोप लावणं सोपं जातं. पण यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडला की त्याच्या ग्राउंडमधून करंटला शंट टाळून जाणारी दुसरी वाट मिळते. अर्धा करंट एकीकडून, अर्धा दुसरीकडून, आणि तुमचा बोर्ड अचानक काटकसरी. उलट, प्लसच्या शंटवर स्कोपची ग्राउंड क्लिप कधीच लावू नका. ती अर्थला जोडलेली असते. बहुतेक जोडण्यांत पुरवठा तिथेच शॉर्ट होतो. दोन चॅनेल शंटच्या दोन टोकांना लावून वजाबाकी घ्या.

जम्पर वायर आणि ब्रेडबोर्ड यांच्या ढिल्या जोडांचा रोधही काही दशांश ओम असतो. शंटच्या वाटेतले जोड सोल्डर करा. मॉड्यूलजवळ १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असू द्या.

४. रिसीव्हर जोडण्याआधी मोजणी तपासा

पाच मिनिटांचं काम, बहुतेक जण टाळतात. भार न जोडता वाचन घ्या. शून्याऐवजी जे येईल ते लिहा आणि पुढे प्रत्येक वाचनातून वजा करा. मग जीपीएसच्या जागी १०० ओमचा रेझिस्टर लावा: ३.३ व्होल्टवर ३३ मिलिअँपिअर यायला हवेत. दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सोल्डर बघा, शंट बघा, प्रोग्राम बघा. मल्टिमीटरची मायक्रोअँपिअर रेंज १०० किलोओमने तपासा, ३३ मायक्रोअँपिअर अपेक्षित. मीटर ठार शून्य दाखवत असेल तर आतला फ्यूज उडालेला असतो. उधार आणलेल्या मीटरमध्ये तर हमखास.

५. सीरियलच्या तारांमधून चोरवाटेने येणारी वीज

व्हीसीसी बंद केली तरी बोर्डावर जीव दिसतो, एलईडी मंद उजळतो, मीटर शून्याखाली जातो. कारण अडॅप्टरची टीएक्स (माहिती पाठवणारी) तार रिकामी असतानाही ३.३ व्होल्टवर असते. ती मॉड्यूलच्या आरएक्स (माहिती घेणाऱ्या) पिनमधल्या संरक्षक डायोडमधून आत वीज पुरवते, आणि ही वीज तुमच्या शंटमधून जातच नाही.

उपाय दोन. दोन्ही सीरियल तारांमध्ये १ किलोओमचा रेझिस्टर घाला. ९६०० बॉडला त्याने काही बिघडत नाही. आणि आज्ञा पाठवून झाली, पोच मिळाली, की मोजणीपुरत्या तारा काढूनच टाका. ५ व्होल्टच्या आर्डुइनोची टीएक्स थेट मॉड्यूलला लावू नका, तिथे चोरी तर होतेच, शिवाय पिनही धोक्यात.

यूएसबीचं सॉकेट असलेला जीपीएस बोर्ड असेल तर यूएसबी केबलमधून ५ व्होल्टही येतात हे विसरू नका. अशी केबल लावून शंटवरचं वाचन घेणं म्हणजे नळ दुसरीकडे उघडा ठेवून मीटर वाचणं.

६. आकाश आणि अँटेना नक्की करा

खोलीत बसून केलेली मोजणी ही शोधाशोधीची मोजणी असते. संकेत मिळत नाही, रिसीव्हर शोधत राहतो, करंट वरच राहतो आणि वीजबचत तर सुरूच होत नाही. गच्चीवर जा. बाल्कनीत निम्मं आकाश इमारतीने झाकलेलं असतं. तिथे स्थान मिळतं, पण उपग्रह येत-जात राहतात आणि आकडे हलतात.

यू-सेंटरमध्ये संकेताचे पट्टे बघा. चार-पाच उपग्रह ३५ ते ४५ डेसिबल-हर्ट्झच्या दरम्यान दिसले की मोजायला योग्य स्थिती. वहीत उपग्रहांची संख्या आणि संकेताची पातळीही लिहा. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीशी तुलना करताना तीच लागते.

अँटेनाचा खर्च वेगळा. चुंबकाने गाडीच्या टपावर चिकटते ती तारवाली अँटेना सक्रिय असते, म्हणजे आत प्रवर्धक असतो आणि तो मॉड्यूलच्या मार्फत साधारण ५ ते २० मिलिअँपिअर घेतो. माहितीपत्रकातल्या ३९ मध्ये हे धरलेलं नाही. अँटेना जोडून आणि काढून लगेचच्या पहिल्या सेकंदातल्या वाचनांचा फरक घ्या. नंतरचा घेऊ नका, कारण अँटेना काढल्यावर रिसीव्हर थोड्याच वेळात पुन्हा शोधाला लागतो.

७. एकेक अवस्था पकडून मोजा

आधी मॉड्यूल खरं आहे का बघा. यू-सेंटरमध्ये मेसेजेस व्ह्यू उघडून यूबीएक्स, मॉन, व्हर्जन मागा. उत्तरच आलं नाही तर हातात नाव चिकटवलेलं दुसरंच काही असण्याची शक्यता मोठी. त्यावर पुढच्या आज्ञा चालणार नाहीत आणि वरचे आकडेही लागू नाहीत.

*गार सुरुवात.* यू-सेंटरच्या रिसीव्हर मेनूतून अ‍ॅक्शन, कोल्डस्टार्ट. नुसती वीज बंद-चालू केल्याने गार सुरुवात होत नाही; बोर्डावरचा बटणसेल मागची माहिती सांभाळतो आणि रिसीव्हर एखाद-दोन सेकंदांत स्थान देतो. ती गरम सुरुवात झाली. आज्ञा दिल्या क्षणापासून पहिलं स्थान मिळेपर्यंतचा पूर्ण आलेख जपा. उघड्या आकाशाखाली अर्धा मिनिट धरा, आणि त्याला कारण आहे: उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिटच्या संथ वेगाने पाठवतो, ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. रिसीव्हर कितीही हुशार असला तरी ती ऐकेपर्यंत थांबावंच लागतं. ४७ मिलिअँपिअर, ३.३ व्होल्ट, ३५ सेकंद म्हणजे सुमारे ५.४ जूल. सुरुवातीला करंट अपेक्षेपेक्षा थोडा जास्त दिसला तर रिकामा बटणसेल भरून घेतला जात असतो. बोर्ड तासभर चालू ठेवून पुन्हा मोजा.

*माग ठेवणं.* स्थान मिळाल्यावर लगेच मोजू नका, १५ मिनिटं जाऊ द्या. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग पूर्ण उतरायलाच १२.५ मिनिटं लागतात. मग १० मिनिटांची सरासरी घ्या. बोर्डावरचा एलईडी आता सेकंदाला एकदा लुकलुकतो, तोही तुमच्या आकड्यात आहे.

*वीजबचत.* यू-सेंटरच्या कॉन्फिगरेशन व्ह्यूमध्ये आरएक्सएम निवडा, पॉवर सेव्ह करा, सेंड. मायक्रोकंट्रोलरमधून पाठवायचं असेल तर सोळा-आधारी बाइट हे: बी५ ६२ ०६ ११ ०२ ०० ०८ ०१ २२ ९२. परत नेहमीच्या अवस्थेत येण्यासाठी शेवटचे चार बाइट ०८ ०० २१ ९१. पोच म्हणून बी५ ६२ ०५ ०१ ने सुरू होणारं उत्तर यायला हवं. ०५ ०० आलं तर आज्ञा नाकारली.

पोच आली म्हणजे बचत सुरू झाली असं नाही. रिसीव्हर आधी पुरेसे उपग्रह आणि त्यांची ताजी माहिती गोळा करतो, मगच श्वास घेत काम करायला लागतो. आलेखावर करंट दर सेकंदाला उठताना-बसताना दिसला की मोजणी सुरू करा. सरळ रेषा दिसते तोवर थांबा. आणखी एक, निओ-६एम मध्ये फ्लॅश मेमरी नाही. सेव्ह केलेली सेटिंगही बहुधा बटणसेलच्या जिवावर टिकते. सेल मेलेला असेल तर वीज गेल्यावर बोर्ड निमूटपणे जुन्या अवस्थेत येतो आणि तुम्ही 'वीजबचतीचा' म्हणून पूर्ण करंट मोजत बसता. प्रत्येक मोजणीआधी सेटिंग पोल करून, म्हणजे मॉड्यूललाच विचारून, बघा.

८. झोपेतले मायक्रोअँपिअर

झोपवायची आज्ञा: बी५ ६२ ०२ ४१ ०८ ०० ०० ०० ०० ०० ०२ ०० ०० ०० ४डी ३बी. याची पोच येत नाही. स्थानाची वाक्यं यायची थांबली की झोपलं. आरएक्सच्या तारेवर कसलीही हालचाल झाली की जागं होतं, म्हणून आज्ञा देताच ती तार सोडवा. यू-सेंटर मागे उघडं असेल तर तेही अधूनमधून काहीतरी पाठवतं आणि 'मॉड्यूल झोपतच नाही' अशी समजूत होते.

आयएनए२१९ ची पायरीच १० मायक्रोअँपिअरची, तेव्हा इथे तो कामाचा नाही. मल्टिमीटर मायक्रोअँपिअर रेंजवर प्लसच्या तारेत घाला आणि त्याच्या दोन टोकांना समांतर टॉगल स्विच लावा. स्विच बंद ठेवून, म्हणजे मीटर शॉर्ट करून, बोर्ड सुरू करा. झोपवा, तार काढा, दहा सेकंद थांबा. आता स्विच उघडा आणि आकडा वाचा. बोर्ड जागा करण्याआधी स्विच पुन्हा बंद करायला विसरू नका.

इथे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर समांतर ठेवू नका. मिलिअँपिअर मोजताना १००-२०० मायक्रोफॅरडने आकडा शांत होतो हे खरं, पण त्याची गळती मायक्रोअँपिअरमध्ये सहज दिसते.

व्हीसीसी पूर्ण बंद करून मोजत असाल तर व्हीसीसीच्या वाटेवर शून्यच दिसणार. तेव्हाचे २२ मायक्रोअँपिअर २२ नंबरच्या पिनवर, बटणसेलमधून जातात. ते फुकट नाहीत, वीज आल्यावर सेल तेवढे परत मागतो.

९. सरासरी काढताना

रिसीव्हरचं काम सेकंदाच्या तालावर चालतं. प्रोग्राममध्ये दर सेकंदाला एक वाचन घेतलंत तर प्रत्येक वेळी तालाचा तोच ठोका पकडाल, कधी सगळे उंच, कधी सगळे ठेंगणे. सेकंदाला किमान १०० वाचनं घ्या आणि सरासरी पूर्ण सेकंदांच्या पटीत काढा. वीजबचतीत १० मिनिटांपेक्षा कमी वेळ पुरत नाही. अधूनमधून रिसीव्हर कक्षेची माहिती ताजी करायला जास्त वेळ जागा राहतो, तो भागही सरासरीत यायला हवा. कमाल करंट वेगळा नोंदवा. पुरवठा निवडताना तो लागतो, बॅटरीच्या हिशेबात नाही.

स्थान सेकंदाला एकदाऐवजी पाचदा मागितलंत किंवा नव्या मॉड्यूलवर जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ या दुसऱ्या उपग्रह यंत्रणा सुरू केल्यात की करंट वाढतो. या सेटिंग नोंदीत नसतील तर सहा महिन्यांनी तुमचाच आकडा तुम्हाला कळणार नाही.

१०. मिळालेल्या आकड्यांवरून बॅटरी

समजा तासाला एक स्थान हवं आहे, मॉड्यूल एकटं आहे, दर वेळी १० सेकंद जागं राहतं आणि ४५ मिलिअँपिअर घेतं. जागेपणाचे ०.१२५ मिलिअँपिअर-तास, उरलेल्या वेळात २२ मायक्रोअँपिअरने ०.०२२. एकूण तासाला ०.१४७, दिवसाला साडेतीन मिलिअँपिअर-तास.

आता तोच हिशेब अशा बोर्डावर करा जो झोपेतही १ मिलिअँपिअर खातो. तासाला १.१२. जवळपास आठपट, आणि त्यातला मोठा वाटा झोपेचा.

मग स्थान सहा तासांनी घेतलं तर खर्च सहापट कमी होईल? होत नाही. उपग्रहाच्या कक्षेची माहिती साधारण चार तासच चालते. सहा तासांनी उठलेल्या रिसीव्हरला ती नव्याने ऐकावी लागते, १० सेकंदांऐवजी ३५ सेकंद जागावं लागतं. एका फेरीचे ०.४४ अधिक झोपेचे ०.१३, म्हणजे सहा तासांना ०.५७, दिवसाला सुमारे २.३ मिलिअँपिअर-तास. साडेतीनवरून सव्वादोन, बस. तुमच्या कामाला दर तासाचं स्थान उपयोगी असेल तर एवढ्या बचतीसाठी ते सोडू नका.

हे मिलिअँपिअर-तासांचे हिशेब लिनिअर रेग्युलेटरला लागू पडतात, कारण तिथे आतला-बाहेरचा करंट सारखाच. मधे स्विचिंग कन्व्हर्टर असेल तर मिलिवॉट-तासांत हिशेब करा आणि त्या कन्व्हर्टरची कार्यक्षमता झोपेच्या भारावर, मायक्रोअँपिअरमध्ये, किती पडते ते स्वतः मोजा. पाकिटावर छापलेले ९० टक्के पूर्ण भाराचे असतात.